साळवे मॅडम आणि बाहीचं बटण

कोल्हारला आमच्या दुकानासमोरून नगर-मनमाड रस्ता जातो. रस्ता कसला, ट्रकांची कायमची वरात! हा रस्ता ओलांडताना माणसं आधी देवाचं नाव घेतात आणि मग इकडंतिकडं बघतात. साळवे मॅडम दोन्ही करत नसत. हातातला कागद माझ्या शटरला चिकटवायच्या, पदर खोचायच्या, उजवा हात हवालदारासारखा आडवा धरायच्या आणि निघाल्या सरळ पलीकडे. ट्रकवाले करकचून ब्रेक मारायचे. मॅडम पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि डोळे अर्धे मिटून माझ्या शटरकडे बघत बसायच्या. मी इकडं जीव मुठीत धरून उभा. मग तशाच परत यायच्या आणि म्हणायच्या, "नाही दिसत. काढून टाक."

काय नाही दिसत? तर मी सकाळपासून कॉम्प्युटरसमोर मान मोडून केलेला लोगो.

माझं फ्लेक्स आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, वाढदिवसाची फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते करतो. धंदा चालतो. पण आज आमच्या पट्ट्यात कोल्हारपासून बाभळेश्वरपर्यंत गाडीवरून जाताना तुम्हाला ज्या दोन-चार पाट्या लांबूनच ओळखू येतील ना, त्या माझ्या दुकानात झाल्या आहेत आणि त्या साळवे मॅडमनी केल्या आहेत. हे मी छाती पुढं काढून सांगतो. त्यांनी स्वतःही तसंच सांगितलं असतं. लाजणं हा प्रकार त्यांच्यात नव्हता.

मॅडम आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. इतर शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी पळवायची वस्तू. आमच्याकडे गणिताचे सर दारात येऊन तास मागायचे आणि मॅडम द्यायच्या नाहीत. "तुमचं गणित पोरं विसरतील, माझी रेघ विसरणार नाहीत," असं तोंडावर सांगायच्या. उंच, काळ्यासावळ्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पर्समध्ये पैसे असोत नसोत, खडू हमखास. वर्गात त्यांनी एकदा मला उभं केलं आणि विचारलं, "सुन्या, आंबा काढलास, त्याच्या बाजूला पान काढलंस, सुरी काढलीस, ताटली काढलीस. आंबा बरा नाही आला म्हणून एवढी माणसं मदतीला बोलावलीस का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण खरं होतं.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माझ्या दुकानात आल्या, लेकीच्या गृहप्रवेशाची पत्रिका छापायला. लेक नगरला असते. यजमान कधीच गेलेले, मॅडम कोल्हारला एकट्याच राहायच्या. पत्रिका राहिली बाजूला. माझ्या पडद्यावर रावसाहेब रसवंतीवाल्यांच्या पाटीचं काम उघडं होतं आणि रावसाहेब स्वतः शेजारी बसून एकेक वस्तू वाढवत होते. ऊस होता, रसाचा ग्लास होता, लिंबू, बर्फ, बैलजोडी, वर खंडोबा आणि कोपऱ्यात त्यांच्या कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो.

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. "ही रसवंती आहे की दशक्रियेचं पत्रक?"

रावसाहेब चांगलेच चपापले. बाई कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मॅडमनी खुर्ची ओढली. "रावसाहेब, तुमच्याकडे गाड्या का थांबतात?"

"रस चांगला असतो ना बाई. आलं-लिंबू घालून..."

"ते प्यायल्यावर कळतं. आधी थांबतात का?"

रावसाहेबांनी डोकं खाजवलं. "आता... चरकाच्या घुंगराचा आवाज येतो. पोरं गाडीतच नाचायला लागतात, रस रस करून."

मॅडमनी पर्स उघडली, खडू काढला आणि माझ्या नव्याकोऱ्या फरशीवर एक घुंगरू काढलं. एक गोल, खाली चीर, वर कडी. "हे तुमचं. बाकीचं सगळं पुसा. आणि वडिलांचा फोटो आत गल्ल्यावर लावा, रोज उदबत्ती ओवाळा. बिचाऱ्यांना रस्त्यावर उन्हात कशाला उभं करता?"

रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग मॅडमनी फरशीवरचं घुंगरू पायानं पुसलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. "आता तुम्ही काढा."

"मी? मला कुठं येतंय चित्र!"

"तुमची छाप तुम्हालाच काढता येत नसेल तर गिऱ्हाईक ध्यानात कशी ठेवणार?"

रावसाहेबांनी गुडघ्यावर बसून वाकडंतिकडं घुंगरू काढलं. पण घुंगरू होतं. आज शिर्डीला जाणारे ड्रायव्हर 'घुंगरूवाल्याकडं थांबू' म्हणतात. रसवंतीचं खरं नाव मोठं थोरलं आहे, ते रावसाहेबांच्या घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून मॅडमची खुर्ची माझ्या दुकानात कायमची झाली. दुपारची भाकरी खाऊन यायच्या, चहा बशीत ओतून प्यायच्या आणि आलेल्या गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायच्या. फी म्हणून काही घ्यायच्या नाहीत. पण छाप लागलेला पहिला माल त्यांच्या घरी पोचला पाहिजे, हा नियम. त्यात हयगय चालायची नाही. एका पिठाच्या गिरणीवाल्यानं दळण पाठवायला उशीर केला तर स्वतः डबा घेऊन गिरणीवर जाऊन उभ्या राहिल्या.

लोगो हा शब्द त्यांना चालायचा नाही. बोधचिन्ह तर त्याहून नाही. "छाप म्हण. आमची आई दुकानात जाऊन काडीपेटीचं नाव घ्यायची का? वाचता कुठं येत होतं तिला! 'ती कोंबडीवाली दे' म्हणायची. तिच्यासाठी काढायचं. शिकलेल्याला काय, त्याला वाचताही येतं." कुणी 'सुंदर दिसतंय' म्हटलं की भडकायच्या. "सुंदर असणं हे मुलगी बघायला जाल तिथं बघा. इथं ओळखू येतंय का ते सांगा." आणि त्यांच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. पहिली, मालकानं खडूनं काढून दाखवायची. दुसरी, रस्त्यापलीकडून डोळे अर्धे मिटून दिसली पाहिजे. तिसरी, एका रंगात, पोत्यावर शिक्का मारला तरी कळली पाहिजे. आणि सगळ्यात शेवटची, बाजारची परीक्षा. आठवड्याच्या बाजारात माल ठेवायचा आणि गिऱ्हाईक त्याला काय नावानं हाक मारतं ते कान देऊन ऐकायचं.

मोटार रिवायंडिंगवाला एक तरणा गडी आला होता. त्यानं मोबाईलवरून उतरवून आणलेली छाप म्हणजे पृथ्वीचा गोळा आणि त्याभोवती फिरणारं रॉकेट. मॅडम म्हणाल्या, "बाळ, तुझी मोटार विहिरीत उतरते की चंद्रावर?" पोरगा हिरमुसला. मग त्याला जवळ बसवून चहा पाजला. "शेतकरी जळालेली मोटार तुझ्याकडं आणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय असतं?" पोरगा म्हणाला, "पाणी. ऊस वाळत असतो ना." त्याच्या पाटीवर आज पाइपातून पडणारी पाण्याची धार आहे. धार कसली, दोन रेघा आहेत नुसत्या.

म्हणजे मॅडमचं कधी चुकलं नाही असं समजू नका. चुकलं, आणि असं चुकलं की त्याची कथा झाली. हायवेवर बबनशेठची मटण खानावळ आहे. त्यांच्यासाठी मॅडमनी गळ्यात रुमाल बांधलेला हसरा बोकड काढला. काय बोकड होता! सगळ्या परीक्षा पास. पलीकडूनच काय, पुलावरूनही दिसायचा. बबनशेठ खूश, आम्ही खूश. पण आठ-पंधरा दिवसांत बबनशेठ तोंड पाडून आले. म्हणाले, "मॅडम, गाड्या थांबतात हो, पण लेकरं आत येईनात. काल एक पोरगी दारातच रडायला लागली. म्हणली, हा तर हसतोय, मग त्याला का मारलं? आई-बाप तसेच गाडीत बसले अन् गेले."

मॅडम लगेच उठल्या. मग पदर खोचला, रंगाचा डबा घेतला, बबनशेठच्या मोटारसायकलवर मागं बसल्या आणि स्वतः स्टुलावर चढून बोकड पांढऱ्या रंगानं बुजवला. तिथं टोपलीतल्या भाकरी काढल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "सुन्या, माझं चुकलं. मी लांबून बघितलं, अर्ध्या डोळ्यांनी बघितलं, पण लहान लेकराच्या डोळ्यांनी बघायचं राहिलं." त्यानंतर कितीतरी दिवस त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला आधी बोकडाची गोष्ट सांगायच्या आणि मगच कामाला हात घालायच्या.

पण ज्या छापेसाठी मी हे लिहायला बसलो, ती वेगळीच.

श्रावण चालू होता. दुपारी एका जीपमधून अकरा बायका उतरल्या आणि माझ्या दुकानात शिरल्या. उभं राहायला जागा उरली नाही. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरच्या होत्या. दरसाल दिवाळीच्या पुढंमागं गाव सोडायचं, मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाबरोबर आमच्या भागात ऊसतोडीला यायचं, कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहायचं आणि उन्हाळ्यात परत. त्यांच्या म्होरक्या मुक्ताबाई. चाळिशीच्या आतच असतील, पण चेहरा त्याहून थकलेला. नवरा उसाच्या भरल्या ट्रॉलीखाली गेलेला. त्यांनी मॅडमना बघितलं आणि पाया पडायला वाकल्या.

"वळखलं का मॅडम? सीमाची आई."

मॅडमनी ओळखलं. सीमा कोपीवरून आमच्या शाळेत येऊन बसायची, दरवर्षी तेवढेच चार-पाच महिने. चित्र अर्धं राहायचं आणि पोरगी गावाला जायची. मॅडम कितीदा तरी स्वतः कोपीवर जाऊन तिला घेऊन आल्या होत्या.

"सीमा कुठंय?"

"घरी. औंदा धाव्वीला हाय." मुक्ताबाई खाली बघत म्हणाल्या. "मी उसाला आले तर तिला बी आणावं लागंल. धाकटा हाय, त्याला कोन बघनार? मंग धाव्वी गेली. म्हनून म्हनलं, औंदा कोयता नगं. उन्हाळ्यात आमी अकराजनींनी खारोड्या केल्यात, पोत्यानं केल्यात. त्या इकल्या तर ऱ्हाईन घरी. न्हाई इकल्या तर मुकादम दसऱ्याला दारात येतोय, त्याला व्हय म्हनावं लागतंय."

खारोड्या म्हणजे बाजरीच्या. बाजरीची भरड ताकात शिजवायची, त्यात तीळ-लसूण-जिरं, आणि त्याच्या चिमटीनं बारक्या बारक्या वड्या घालून कडक उन्हात वाळवायच्या. तळा, भाजा, नुसत्या खा. बायकांनी आणलेल्या मी खाऊन बघितल्या. माल खणखणीत होता. पाकिटावर लावायला छाप पाहिजे होती, आणि ती काय पाहिजे हे त्या ठरवूनच आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात आपापला पासपोर्ट फोटो.

त्यात नवल नाही. आमच्याकडं फ्लेक्स म्हणजे चेहरे. वाढदिवस एकाचा असला तरी खाली पन्नास जणांची तोंडं असतात, आणि एखाद्याचं राहिलं तर वर्षभर बोलणं बंद. या बायकांनी जन्मभर रस्त्यावर तेच बघितलेलं. चंद्राबाई म्हणून त्यांच्यातली थोरली, आवाजानं पहाडी, तिनं मला सगळं समजावलं. "हे बघा भाऊ, मदी मोहट्याची देवी घ्या. तिच्या भवती आमी अकराजनी. वर आमदारभाऊंचा फोटू घाला, मेळाव्याला आल्ते आमच्या. आन कुनाचं बी त्वांड बारीक-मोठं करू नका, भांडनं लागत्याल."

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं हा आपला धंदा. केलं. मॅडम काही न बोलता बशीतून चहा पीत होत्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाकिटाच्या मापात छापून हातात दिलं. एकेक चेहरा मोहरीएवढा झाला होता. मॅडमनी कागद घेतला आणि चंद्राबाईंच्या पुढं धरला. "यातल्या तुम्ही कोणत्या?"

चंद्राबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला, उजेडात नेला. एका तोंडावर बोट ठेवलं. "ही."

"ती मी हाय," मागून एक जण म्हणाली.

असा हशा पिकला की पलीकडच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. चंद्राबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. पण हसणं ओसरल्यावर अडचण तिथंच होती. एकीचा फोटो ठेवावा तर दहा जणी रुसणार. सगळ्या काढून टाकाव्यात तर उरतं काय?

मॅडमनी शेजारच्या हॉटेलातून कणकेचा गोळा मागवला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. "घाला बरं खारोड्या."

बायका बसल्या. बोलता बोलता हात चालायला लागले. अंगठा आणि दोन बोटं, चिमूट घ्यायची, जरा दाबायची, ठेवायची. कणीक असूनही ओळीच्या ओळी पडायला लागल्या, आणि प्रत्येक वडीवर त्या तीन बोटांची खूण. मॅडम वाकून बघत होत्या. मग बाजूच्या फरशीवर त्यांनी एक हात काढला. तीन बोटांची चिमूट, खाली एक बारकी वडी. बस्स.

बायका फरशीभोवती गोळा झाल्या. त्यांना पटलं होतं, दिसतच होतं. हात कुणा एकीचा नव्हता, अकराजणींचा होता.

"बांगड्या काढा की मॅडम," चंद्राबाई म्हणाल्या.

आणि दुकानातली हवाच बदलली. मुक्ताबाईंनी हात पदराखाली घेतले. आणखी दोघींनी घेतले. तिघींचे हात मोकळे होते. चंद्राबाईंच्या ध्यानात आलं, तशी त्या गडबडल्या, पण शब्द तोंडातून गेला होता. "तसं न्हाई गं मुक्ता... पन मोकळा हात मालावर कसा घालायचा? सणासुदीचा जिन्नस हाय. लोक घरात आणत न्हाईत." त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या हो. जे गावात आयुष्यभर ऐकलं तेच बोलत होत्या.

मुक्ताबाई हळूच म्हणाल्या, "घाला बांगड्या. मालाचं बघायचंय, माझं काय."

मॅडमच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण मॅडम फरशीवरच्या त्या हाताकडं बघत राहिल्या, खडू बोटात फिरवत राहिल्या. मग वाकल्या आणि मनगटावर एक आडवी पट्टी ओढली, तिच्या मागं बाहीच्या दोन चुण्या, आणि पट्टीवर एक गोल. बटण.

ऊसतोडीच्या बायका लुगड्यावरून पुरुषाचा फुल बाहीचा सदरा घालतात. उसाचं पातं हाताला ब्लेडसारखं कापतं, म्हणून. बाही मनगटापर्यंत, बटण घट्ट लावलेलं. आमच्या भागात ते सगळ्यांनी बघितलेलं आहे, आणि कुणीच कधी बघितलेलं नाही.

बायकांनी ओळखलं, आणि आधी भडकल्या. "हे कशाला मॅडम? कोयत्यातनं सुटायला निघालो आन त्येच पाकिटावर? लोक म्हंत्याल, तोडवाल्या बाया हायती!"

गिऱ्हाइकाला दटावण्यात मॅडमचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला. "हे मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा हात नाही तो. तुमचा आहे. तुम्ही ठरवा."

बायका बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. बराच वेळ आवाज चढत-उतरत होते. मी मॅडमना म्हणालो, "दुसरं काहीतरी काढा ना. बाजरीचं कणीस काढा." मॅडम म्हणाल्या, "कणीस सगळ्यांकडं आहे." आणि बशीतला गार झालेला चहा तसाच ठेवून दिला. एवढं अस्वस्थ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मुक्ताबाई पुढं होऊन आत आल्या. "मॅडम, माझा सदरा मालकाचा हुता. त्यो गेल्यापसनं मी घालते. त्या सदऱ्यानं ऊस लागू दिला न्हाई माझ्या हाताला. त्याची लाज कसली धरू? ऱ्हाऊ द्या बटन."

आणि मागून चंद्राबाईंचा तोच पहाडी आवाज, पण जरा ओला. "उसाच्या फडात सगळ्या सदऱ्यातच हुतो की. कोन सवाशीन आन कोन न्हाई, कुनाला दिसत हुतं? आमी तितं सारख्याच. हितं बी सारख्याच ऱ्हाऊ."

मॅडमनी खडू उचलला आणि चंद्राबाईंच्या हातात दिला. "काढा."

चंद्राबाईंनी जन्मात खडू धरला नव्हता. कोयता धरल्यासारखा मुठीत धरला. पण बोटं आली, पट्टी आली, आणि बटण तर एवढं मोठं आलं की सगळ्या पुन्हा हसल्या. मग एकीमागून एक, अकराजणींनी माझी फरशी भरून टाकली. मी तीन दिवस ती पुसली नाही. गिऱ्हाइकांना म्हणायचो, कडेकडेनं या.

पिवळ्या कागदावर काळा हात. मॅडमनी शटरला चिकटवला, रस्ता ओलांडला, चष्मा वर केला. परत आल्या आणि मान हलवली. त्यांची मान सहसा आडवी हलायची, त्या दिवशी उभी हलली.

राहिली बाजारची परीक्षा. पुढच्या बाजारात मुक्ताबाई आणि चंद्राबाई पाकिटं मांडून बसल्या, आणि मॅडम शेजारच्या भाजीवालीकडं वांगी निवडण्याचं सोंग करत उभ्या. सकाळी एक म्हातारी पाकीट घेऊन गेली होती. दुपारी तिची सून आली आणि गोंधळून विचारायला लागली, "सासूबाईंनी बटणवाल्या खारोड्या सांगितल्यात. इथंच का?"

मॅडमनी वांगी तिथंच टाकली. भाजीवाली ओरडत राहिली, पण मॅडम गर्दीतून सरळ माझ्या दुकानात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बटणवाल्या म्हणाली रे! बटणवाल्या!" एवढं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतही बघितलं नव्हतं.

त्या दसऱ्याला मुकादम मुक्ताबाईंच्या दारातून परत गेला. सगळ्याच सुटल्या असं मी म्हणणार नाही, निम्म्याजणी त्या सालीही उसाला आल्याच. पण सीमा दहावीला बसली आणि पास झाली. निकालाच्या दिवशी मुक्ताबाईंचा फोन मॅडमना आला, मॅडमनी मला सांगितलं, आणि मी कारण नसताना पेढे आणले.

त्याच सुमारास एक दिवस मॅडम रस्ता ओलांडत असताना बाजूनं आलेला मोटारसायकलवाला अगदी अंगाला घासून गेला. मॅडम त्याला खच्चून ओरडल्या, पण आत येऊन खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. "बाजूचं दिसत नाही रे हल्ली," त्या म्हणाल्या. "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही." जिनं आम्हाला बघायला शिकवलं, तिच्याच डोळ्यांचं असं व्हावं! मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "गप. कागद चिकटव. आता तू पलीकडं जा आणि काय दिसतं ते मला सांग."

पुढं वर्षभरात नजर फार झपाट्यानं गेली. लेक न्यायला आली. निघायच्या आदल्या दुपारी मॅडम तिचा हात धरून दुकानात आल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रक लागले होते. संसार भरलेले, वर शेळ्या, भांडी, लेकरं. मॅडमना ठळक, मोठ्या आकारापलीकडं काही दिसत नव्हतं. आवाजावरून म्हणाल्या, "निघाले वाटतं कारखान्यांना." मी "हो" म्हणालो.

पुढं कुठंतरी गाडी अडकली असावी, सगळी रांग थांबली. दोन ट्रकांच्या मधे एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. त्याच्या अंगभर पिवळा रंग, आणि त्यावर माणसाएवढा काळा हात. हे काम माझ्या दुकानातलं नव्हतं, त्यांनी गावाकडंच रंगवून घेतलं होतं. बोटं जरा जाडी झाली होती, बटण चंद्राबाईंनी काढावं तसं भलंमोठं होतं. मी मॅडमकडं वळलो तर त्यांनी सवयीनं चष्मा कपाळावर नेला होता. डोळे अर्धे मिटले होते.

"सुन्या," त्या म्हणाल्या, "बटण आहे का रे ते?"

"हो मॅडम."

"टेम्पोवर?"

"हो. शिर्डीकडं चाललाय. माल भरलेला आहे."

त्या उठून उभ्या राहिल्या. लेकीनं हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला केला. टेम्पोच्या खिडकीत मुक्ताबाई होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि हात बाहेर काढला. अंगात फुल बाहीचा सदरा होता. आता त्या विक्रीला निघाल्या की मुद्दाम तोच घालतात. तीन बोटांची चिमूट करून त्यांनी ती वर धरली.

मी म्हणालो, "मॅडम, मुक्ताबाई तुम्हाला हात करतायत. खिडकीतून."

"मला मोठा दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "लहान तू बघून घे."

रांग हलली. ट्रक कारखान्याच्या फाट्याला वळले आणि टेम्पो सरळ गेला. मॅडम दारात उभ्या होत्या, जन्मभर खडू धरलेली तीन बोटं जुळवून, हात वर धरून.